नोटरीच्या कागदावर घटस्फोट होतो का, आणि पोटगी, मुलगी व फ्लॅट यांचे काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला सात वर्षे झाली, दोन वर्षांपासून आपण पुण्यात माहेरी आणि पती सांगलीत असे वेगळे राहता, चार वर्षांची मुलगी आपल्याजवळ आहे, फ्लॅट दोघांच्या नावावर असून त्याचे गृहकर्ज फिटलेले नाही, आणि सासरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, कोर्टाची पायरी कशाला?’ मी बरीच वर्षे कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे हे वाक्य मला नवे नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेले लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. त्या कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला, म्हणजे ज्याला आपण काडीमोड किंवा फारकत म्हणतो त्याला, जागा ठेवलेली आहे हे खरे. पण आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे ती सांगणाऱ्यालाच पुराव्याने सिद्ध करावे लागते आणि ते क्वचितच जमते. माझ्याकडे एकदा एक निवृत्त गृहस्थ आले होते. पिशवीतून त्यांनी लॅमिनेशन केलेला, लाल शिक्क्याचा फारकतीचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्या कागदाच्या भरवशावर त्यांनी दुसरे लग्न केले होते, मुले मोठी झाली होती, आणि आता कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचे नाव लावताना कार्यालयाने हुकूमनामा मागितला होता. पहिले लग्न कायद्याने अजून कायम आहे आणि त्यामुळे दुसरे शून्य ठरते, हे त्यांना सांगणे मला फार जड गेले.

दोघांची खरोखर संमती असेल तर कोर्टाची पायरी वाटते तितकी उंच नाही. कलम १३-ब खाली संयुक्त याचिका करण्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर संमती सांगावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात असे ठरवले. मात्र याचिकेपूर्वीच दीड वर्ष वेगळे राहून झालेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सर्व प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. आपली दोन वर्षे झालेली असल्याने तसा अर्ज करता येईल. तो मान्य करणे न्यायाधीशांच्या अधिकारात आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून पैशाचे टप्पे संमतीच्या टप्प्यांना बांधून घ्यावेत. शेवटच्या हप्त्याचा डिमांड ड्राफ्ट अंतिम तारखेला न्यायालयातच हाती पडावा, असा माझा आग्रह असतो.

खरे काम आहे ते संमतीच्या अटी लिहिण्याचे, ज्यांना कोर्टात सगळे ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. ‘मुलगी सुट्टीत वडिलांकडे राहील’ असे मोघम वाक्य लिहून मोकळे झालेले एक जोडपे वर्षभरात परत आले, कारण दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज धरायची की नाही यावर भांडण पेटले होते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायद्याचे कलम ६ सांगते; पण मुलगी वर्षभरात पाचाची होईल, आणि तेव्हाही न्यायालय पाहते ते तिचे हित. म्हणून कोणता दिवस, किती वाजता, कोण आणून सोडणार, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, हे सगळे आत्ताच लिहा. ‘मला काही नको’ असे आपण स्वतःपुरते म्हणू शकता. मुलीच्या पोटगीचा हक्क तिचा आहे, तो आपल्या सहीने सुटत नाही. वडिलांच्या मिळकतीतील तिचा वारसाहक्कही घटस्फोटाने जात नाही.

पोटगीची टक्केवारी कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. शेजारी-पाजारी सांगतात तो आकडा सोडून द्या. दोघांचे उत्पन्न, जबाबदाऱ्या आणि राहणीमान पाहिले जाते. प्रकरण वादाचे झालेच, तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निर्णयानुसार दोघांनाही मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल. हिंदू विवाह कायद्याखाली पोटगी पतीही मागू शकतो, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. लग्नात आपल्याला मिळालेले दागिने आपले स्त्रीधन आहेत. ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये असतील तर वजनासह यादी करून परत मिळाल्याची पोच अटींतच घ्या.

फ्लॅटबाबत सर्वांत जास्त चूक होते. हुकूमनाम्यात ‘यापुढे हप्ते पती भरील’ असे लिहिले तरी कर्जाच्या करारावर आपली सही आहे, आणि बँक त्या हुकूमनाम्याने बांधलेली नाही; हप्ता चुकला की नोटीस आपल्यालाही येईल. तेव्हा बँकेकडून सहकर्जदार म्हणून नाव कमी झाल्याचे पत्र आधी मिळवा, मगच हिस्सा सोडा. कोणता दस्त करायचा हेही हुकूमनाम्यापूर्वी ठरवा. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता, दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), आणि हुकूमनाम्यानंतर ते नातेच उरत नाही. मोबदला ठरलेला असेल तर मात्र बक्षीसपत्राचा आडोसा घेऊ नये. (लग्न गोव्यात नोंदलेले असते तर उत्तर वेगळे झाले असते, कारण तिथल्या नागरी संहितेत पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरली जाते.)

आपण पुण्यात राहत असल्यामुळे याचिका पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात करता येईल. वकिलांकडे जाताना लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, फ्लॅटचा करारनामा, बँकेचे थकबाकीचे पत्र आणि दागिन्यांच्या पावत्या न्या. पावत्या नसतील तर लग्नातले फोटो न्या.