काळ्या मातीचं सीटी स्कॅन: वाफशातली हवा दिसते, पाणी नाही

काळ्या मातीचे 10 सेंमी व्यासाचे कोअर (पाइपमध्ये काढलेले मातीचे अखंड दंडगोल) सीटी स्कॅन करून प्रतिमांवरूनच जमिनीची जलधारणाशक्ती काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. प्रेशर प्लेट (ठरावीक दाबाला माती किती पाणी धरून ठेवते ते मोजणारं उपकरण) टाळू नका.

हिशोब करून बघा. 10 सेंमीच्या आडव्या रेषेत 2000 बिंदू मिळाले, तर एका व्हॉक्सेलची, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतल्या सर्वांत लहान घन ठिपक्याची, बाजू 50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन-तीन व्हॉक्सेलपेक्षा लहान पोकळीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणजे खात्रीने दिसतं ते साधारण 100-150 मायक्रॉनच्या वरचं. पिकाला मिळणारं पाणी मात्र अंदाजे 0.2 ते 30 मायक्रॉनच्या पोकळ्यांत असतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्या अवस्थेत मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते आणि बारीक पोकळ्यांत पाणी टिकतं. तुमच्या स्कॅनमध्ये यातली हवेची बाजूच येणार.

पण ती बाजू फार मोलाची आहे! दोन कोअरची एकूण सच्छिद्रता (मातीतला पोकळ्यांचा वाटा) सारखी असली, तरी एकात गांडुळाचं बीळ वरपासून खालपर्यंत सलग आणि दुसऱ्यात सुट्या, बंद पोकळ्या असतील, तर निचऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सरळ नळीत व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच दाबाला प्रवाह 16 पट होतो. म्हणून सच्छिद्रतेच्या टक्केवारीवर थांबू नका, पोकळ्या एकमेकींना किती जोडलेल्या आहेत ते मोजा.

जमिनीत पाणी कसं फिरतं त्याच्या मॉडेलसाठी हायड्रस-1डी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात मातीतल्या पाण्याच्या प्रवाहाचं रिचर्ड्सचं 1931 चं समीकरण आणि कोणत्या दाबाला माती किती पाणी धरते ते सांगणारा व्हॅन गेनुख्टेनचा 1980 चा जलधारणा वक्र वापरता येतो. वक्राचे आकडे प्रेशर प्लेटवरून घ्या. भेगाळलेल्या जमिनीत मात्र पाणी भेगांतून आधी खाली धावतं, भेगांमधली माती मागाहून भिजते. तिथे दुहेरी प्रवाहाचं (भेगांतला आणि मातीतला प्रवाह वेगळा धरणारं) मॉडेल लागतं, आणि भेगांचा वाटा ठरवायला स्कॅन कामी येतो. माती फुगली की भेगा मिटतात, तेव्हा हा आकडा नमुना घेतला त्या ओलीपुरताच धरा.

कोअर वाफशावर काढा आणि लगेच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. माझा पहिला कोअर स्कॅनची वाट पाहत वाळला, पाइपपासून सुटला, आणि ती फट सॉफ्टवेअरने मातीची पोकळी म्हणून मोजली. तेव्हापासून मी मोजणीआधी पाइपलगतची काही मिलिमीटर कड प्रतिमेतून कापूनच टाकतो.