सगळंच ‘रिपेअर’ नसतं

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वर्षभर पंप आणि कॉम्प्रेसरच्या देखभाल विभागात अप्रेंटिस होतो. बायोडेटात प्रत्येक कामापुढे ‘रिपेअर’ लिहिलं होतं. मुलाखतीत विचारलं, ‘‘हे रिपेअर होतं की ओव्हरहॉल?’’ मला सांगता आलं नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर : क्लासची घाई करू नका. प्रश्न इंग्रजीचा वाटला तरी तो कामाचा होता. पंप किती उघडला आणि परत दिला तेव्हा तो कोणत्या स्थितीत होता, हे त्यांना हवं होतं. मराठीत ‘दुरुस्त केला’ म्हटलं की भागतं; इंग्रजी जॉब कार्डावर (कामाच्या नोंदीच्या कार्डावर) मात्र प्रत्येक शब्द कामाची खोली सांगतो.

तुमचाच पंप घ्या. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती रोखणारं पॅकिंग बसतं तिथून, जास्त पाणी येत होतं म्हणून नट थोडे आवळले, तर ते ‘अॅडजस्ट’. पॅकिंगच्या जुन्या रिंगा काढून नव्या घातल्या, तर ‘रिप्लेस’. शाफ्टची झिजलेली स्लीव्ह (वरची संरक्षक नळी) धातू चढवून लेथवर पुन्हा मापात आणली, तर स्लीव्ह ‘रिपेअर’ केली; ‘रिकंडिशन’ही चालेल. अख्खा पंप खोलून भाग साफ केले, मापं घेतली, झिजलेलं बदललं, पुन्हा जोडून चालवून पाहिला, तरच ‘ओव्हरहॉल’. मोटरला आधी नसलेला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवला, तर ‘रेट्रोफिट’. जुन्या इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राच्या) जागी जास्त टिकाऊ धातूचा घातला, तर ‘अपग्रेड’.

इथे एक सावधगिरी. ‘ग्लँडचं लीकेज पूर्ण बंद केलं’ असं अभिमानाने लिहू नका. ग्लँड पॅकिंगमधून थोडं पाणी ठिबकायलाच हवं, त्यानेच पॅकिंग थंड राहतं. नट फार आवळले की पॅकिंग जळतं आणि स्लीव्हवर चरे पडतात. जाणकाराला हे एका ओळीत कळतं. पॅकिंगऐवजी बसवतात त्या मेकॅनिकल सीलची गोष्ट वेगळी, तिथे दिसण्याइतकं पाणी येता कामा नये.

‘ओव्हरहॉल’ला एवढं वजन का? अमेरिकेच्या विमान देखभाल नियमांत हा शब्द नोंदीत लिहायचा तर सुटं करणं, साफ करणं, तपासणं, गरजेनुसार दुरुस्ती, जोडणी आणि चाचणी, हे सगळं झालेलं असावं लागतं. ‘रिबिल्ट’ लिहायचं तर वस्तू नव्याच्याच टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) उतरली पाहिजे. कारखान्यातही ‘ओव्हरहॉल’ अशी नोंद दिसली की पुढचा माणूस चालू तास शून्यापासून मोजतो आणि बेअरिंग तपासलेलं आहे असं धरून चालतो. तुम्ही फक्त सील बदललं असेल, तर जुनं बेअरिंग कुणी न बघताच पुढे चालत राहतं.

गुणवत्ता विभागात जायचं असेल तर ‘रीवर्क’ आणि ‘रिपेअर’ यांतला फरक पाठच करा. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००० या मानकानुसार, चुकलेला माल पुन्हा काम करून ठरलेल्या अटींत पूर्ण बसवला तर तो रीवर्क. रिपेअर केलेला माल वापरण्याजोगा होतो, पण मूळ अटींत बसेलच असं नाही. भोक लहान पडलं आणि रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार) फिरवून ड्रॉइंगच्या मापात आणलं, तर रीवर्क. मोठं पडलं आणि आत बुश (नळीसारखा तुकडा) ठोकलं, तर रिपेअर. अशा वेळी सहसा ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागते.

बाकीच्या शब्दांची क्षेत्रं ठरलेली आहेत. घर किंवा इमारत ‘रिनोव्हेट’ होते. इंजिनाला हा शब्द लावू नका. कपडे आणि जाळी ‘मेंड’ करतात. ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीत नेणं. वास्तुजतनाची १९६४ची व्हेनिस सनद तर म्हणते, जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलंच पाहिजे. वापरलेली वस्तू तपासून, ठीकठाक करून पुन्हा विकायला ठेवली की ‘रिफर्बिश्ड’.

आता आपल्याकडून हमखास होणाऱ्या चुका. ‘रिपेअरिंग वर्क’ नको, ‘रिपेअर वर्क’ लिहा. ‘रेक्टिफाय’ बिघाडाला लागतं, पंपाला नाही : ‘रेक्टिफाइड द फॉल्ट’. ‘रिप्लेस’मध्ये जुनं आधी येतं, नवं ‘विथ’नंतर, ‘सब्स्टिट्यूट’मध्ये उलट, नवं आधी आणि जुनं ‘फॉर’नंतर. ही अदलाबदल झाली तर स्टोअरमधून चुकीचा पार्ट येतो. आणि सुधारणा केली असेल तर ‘इम्प्रूव्ह्ड’ लिहा. ‘इम्प्रोव्हाइज्ड’ म्हणजे हाताशी होतं त्यावर वेळ भागवली, आणि मुलाखत घेणारा तोच अर्थ घेणार.

बायोडेटा पुन्हा लिहायला बसा. जॉब कार्डं किंवा तुमची वही समोर ठेवून प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा : बिघाड होता का? किती उघडलं? शेवटी वस्तू नुसती चालू झाली, पहिल्यासारखी झाली, की पहिल्यापेक्षा चांगली? मग ओळ अशी येईल : ‘ओव्हरहॉल्ड सेंट्रिफ्युगल पंप, रिप्लेस्ड बेअरिंग्ज अँड मेकॅनिकल सील, अलाइन्ड कपलिंग यूजिंग डायल गेज’. मुख्य काम फिटरने केलं आणि तुम्ही मदतीला होतात, तर सुरुवातीला ‘असिस्टेड इन’ जोडा. अप्रेंटिससाठी यात काही कमीपणा नाही, आणि पुढचे प्रश्नही तुम्हाला झेपतील असेच येतील.

ओळी तयार झाल्या की ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांच्याकडून तपासून घ्या. त्यानंतरही बोलताना अडलं, तर क्लास जरूर लावा.