सृष्टिवाद वाचायला घेताय? आधी एवढं करा

छान विषय निवडलात. सृष्टिवाद म्हणजे जग आणि जीवसृष्टी देवाने निर्माण केली, असं मानणारा विचार. फक्त सगळ्या सृष्टिवाद्यांना एकाच माळेत ओवू नका, पहिला घोळ इथेच होतो. तरुण-पृथ्वीवादी बायबलमधले निर्मितीचे सहा दिवस शब्दशः घेतात आणि पृथ्वी 6,000 ते 10,000 वर्षांची मानतात. जुन्या पृथ्वीवाल्यांना अब्जावधी वर्षं मान्य असतात.

- निर्मितीचं इसवी सनपूर्व 4004 हे साल बायबलच्या वचनांत नाही. ते आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये मांडलं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचा 5वा अध्याय उघडा, वही घ्या, स्वतः बेरीज करा: आदामाला 130व्या वर्षी शेथ, शेथला 105व्या वर्षी अनोश...
- डायनासोरच्या वयासाठी कार्बन-14 (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची पद्धत) पुढे करू नका. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 5,730 वर्षं; साधारण 50,000 वर्षांपलीकडे मोजण्याजोगं उरतच नाही. तिथे खडकांचं वय काढणारी युरेनियम-शिसे यांसारखी पद्धत लागते.

शाळेत सृष्टिवाद शिकवण्यावरून अमेरिकेत झालेले खटले नंतर वाचा.