थंडीत डिझेल गोठतंय? औषध घालण्याआधी ड्रम तपासा

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, ता. निफाड): भुरीच्या फवारणीसाठी पहाटे ट्रॅक्टर काढतो. कडाक्याची थंडी असली की सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडतो. उन्हं वर आली की काही न करता नीट चालतो. दुकानदार डिझेलमध्ये घालायचं ‘अँटी-जेल’ औषध देतोय, कुणी रॉकेल घाला म्हणतं. काय करावं?

उत्तर: ही लक्षणं फिल्टरवर मेण धरल्याची आहेत. पॅराफिन मेण डिझेलमध्ये मुळातच असतं. गारव्याने त्याचे चपटे स्फटिक होतात आणि फिल्टरच्या कागदावर थर बसतो. फिल्टरच्या पुढे उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं, ते संपलं की बंद पडतं.

औषधाचं नंतर बघू. डिझेल कधी भरलेलं आहे? डिझेलच्या आयएस 1460 या भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची (सीएफपीपी) कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला 18 अंश आहे, हिवाळी डिझेलला 6 अंश. हिवाळी मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी लागू असते. ऑक्टोबर छाटणीच्या कामांसाठी भरून ठेवलेला ड्रम अजून वापरत असाल, तर ते उन्हाळी डिझेल असू शकतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 5-6 अंशांवर आला की असं डिझेल दगा देऊ शकतं. हे डिझेल दुपारच्या कामांना संपवा आणि पहाटेच्या टाकीत पंपावरचं ताजं भरा. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो, औषधाचे पैसे वाचतात.

तरी खात्री करा. टाकीतलं डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या, बूच लावून रात्री ट्रॅक्टरशेजारी उघड्यावर ठेवा. पहाटे टॉर्च मारून बघा. सगळीकडे पांढुरकी धूसर झाक किंवा तरंगते कण दिसले तर मेण. तळाशी थेंब दिसले तर पाणी. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू ढिला करून ते सोडा आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवत चला, रिकाम्या टाकीत दव धरतं. डिझेल स्वच्छ असेल तर दोष दुसरीकडे आहे. सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाही: बॅटरी (रात्रभर उभी राहिल्यावर 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा), हीटर (ग्लो प्लग), कॉम्प्रेशन बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही.

आता औषध. दुकानदाराचं ‘अँटी-जेल’ म्हणजे ‘कोल्ड फ्लो इम्प्रूव्हर’. ते मेण काढून टाकत नाही. स्फटिक लहान ठेवतं, म्हणून ते फिल्टरमधून निघून जातात. त्यामुळे औषध मेण धरण्याआधी, म्हणजे दुपारी, डिझेल कोमट असताना घालायला हवं. पहाटे गोठलेल्या टाकीत ओतून उपयोग नाही, ही सगळ्यात नेहमीची चूक. प्रमाण लेबलवरचंच ठेवा: 1:1000 लिहिलं असेल तर 60 लिटरला 60 मिली. दुप्पट घातल्याने दुप्पट फायदा होत नाही. टाकीत डिझेल कमी असताना आधी औषध, वरून डिझेल, म्हणजे ढवळलं जातं. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. नाहीतर फिल्टर आणि नळ्यांत जुनंच डिझेल राहतं. बाटली नीट वाचा: ‘सीटेन बूस्टर’ आणि ‘इंजेक्टर क्लीनर’ ही वेगळी औषधं आहेत, त्यांनी मेण थांबत नाही.

रॉकेल घालू नका. दहा टक्के रॉकेलने जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो, पण डिझेलचा वंगणपणा कमी होऊन पंप आणि इंजेक्टर झिजतात. कॉमन रेल इंजिनात (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) हा सौदा फारच महाग पडतो. पेट्रोलचा तर विचारही नको, आगीचा धोका आहे.

पहाटे अडकलातच तर सेल दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं फिल्टरभोवती आणि टाकीतून येणाऱ्या नळीवर गुंडाळा, गार झालं की बदला. टाकीखाली बोळा पेटवण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. ती बंद करा. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रेही मारू नका, स्फोट होऊ शकतो. तरीही चालत नसेल तर फिल्टर बदला, ब्लीडिंग स्क्रू ढिला करून हँड प्रायमरने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा.

लडाखसाठीचं खास डिझेल मागवता येईल का, असंही एकाने विचारलं आहे. इंडियन ऑइलने 2019 मध्ये आणलेलं ते डिझेल उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहतं. निफाडच्या थंडीला त्याची गरज नाही. दुकानदाराच्या बाटलीचीही गरज फक्त त्याच आठवड्यांत, जेव्हा ताजं डिझेल भरूनही बाटलीत झाक दिसते.