पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षात सामाजिक बाबतीत जुन्या वळणाचा नेता कुठंपर्यंत जाऊ शकतो? भारतातलं एखादं उदाहरण सांगाल का?

उदाहरण आहे की, आणि आम्हा बेळगावकडच्या मराठी माणसांच्या तर फार जवळचं आहे. मोरारजी देसाई. पंतप्रधान झाले, पण जिथं उभं आयुष्य घालवलं त्या काँग्रेसनं त्यांना ते पद कधी दिलं नाही, १९६४ ला नाही आणि १९६६ ला पण नाही, मिळालं ते काँग्रेसला हरवलेल्या जनता पक्षाकडून. विचार जुने म्हणून त्यांना कुणी अडवलं असं मला वाटत नाही. एकदा ठरवलं की समोरच्याचं ऐकायचंच नाही हा जो स्वभाव होता ना, त्यानंच वर नेलं आणि त्यानंच अडवलं, आणि त्याची झळ आमच्या भागाला बसली म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माणूस कसा होता ते. जन्म १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेलीचा. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी, १९३० ला ती सोडून गांधीजींच्या चळवळीत. शाकाहार, उपास, खादी, दारूला हात नाही, तिशीतच ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं. कुटुंबनियोजन म्हटलं की साधनांपेक्षा संयम हे त्यांचं उत्तर. आजच्या मुलांना त्यांच्याबद्दल फक्त ते स्वतःचं मूत्र पिण्याचं प्रकरण माहीत असतं याचं मला वाईट वाटतं, कारण एवढं स्वच्छ सार्वजनिक आयुष्य फार कमी लोकांना जमलंय.

आता असा माणूस नेहरूंच्या काँग्रेसमध्ये टिकला कसा? यासाठी शेजारी पुरुषोत्तमदास टंडन ठेवून बघा. ते पण जुन्या वळणाचे, १९५० ला काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आले, त्याच वर्षीच्या नाशिक अधिवेशनात अध्यक्ष तेच, पण पक्षाची दिशा काय असावी यावरून थेट नेहरूंशी वाजलं आणि १९५१ ला राजीनामा द्यावा लागला. मोरारजींनी ही लढाई अंगावर घेतली नाही. त्यांचा सनातनीपणा स्वतःच्या ताटात, अंगावरच्या कपड्यात आणि दारूबंदीत होता, आणि दारूबंदी तर गांधीजींची, तिला काँग्रेसमध्ये उघड नाही कोण म्हणणार? गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते १९२४ ला आमच्या बेळगावात, टिळकवाडीत ती काँग्रेस विहीर अजून आहे, त्यामुळं आमच्या भागातल्या जुन्या खादीवाल्या मंडळींना मोरारजी म्हणजे अगदी आपल्यातला माणूस वाटायचा. शिवाय सुधारणेच्या आड ते आले नाहीत. १९४६ नंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते गृह आणि महसूल बघत होते, त्याच सरकारनं हिंदूंमधली दुसरी बायको करायची चाल बंद केली, अस्पृश्यांना देवळं उघडी करणारा कायदा केला आणि १९४८ चा कूळकायदा पण त्याच काळातला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात, त्यामुळं जो कसत होता त्या कुळाला जमिनीवर हक्क सांगायला आमच्या भागात पण आधार मिळाला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मराठी माणूस मोरारजींचं नाव निघालं की फक्त शिव्या देतो, आणि कूळकायद्यावर ज्यांची घरं उभी राहिली त्यांनी तरी तेवढंच बोलू नये.

दारूबंदीचं मात्र वेगळं. १९४९ चा कायदा आला, १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी, प्यायची असेल तर परमिट. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९५१ च्या बलसारा खटल्यात कोर्टानं बहुतेक कायदा टिकवला, दारूचा अंश असलेली औषधं आणि अत्तरं यावरची बंदी तेवढी काढली. उद्देश चांगलाच होता हो, आमच्या गावागावांत आजही दारूच्या दुकानाविरुद्ध बायकाच रस्त्यावर येतात आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण मोरारजींनी हे काम पोलिसांच्या हातात दिलं. आमच्या बाजूला तर पलीकडं गोवा, तिथं पोर्तुगीज आणि दारू खुली, मध्ये नुसता घाट आणि जंगल, मग खानापूरच्या बाजूनं चोरटा माल येणार नाही तर काय होणार. हातभट्ट्या लागल्या, हप्ते सुरू झाले. बंदी घातली म्हणजे लोक सुधारले असं धरून चालणारा राज्यकर्ता खाली काय चाललंय ते विचारायलाच जात नाही, आणि माझ्या मते मोरारजींची खरी अडचण इथून दिसायला लागते.

कारण पुढं भाषेच्या प्रश्नावर तेच झालं. बेळगावच्या साहित्य संमेलनात १९४६ ला, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, म्हणजे मागणीची हवा आमच्या गावातून पण सुटलेली. १९५२ पासून मोरारजी मुंबईचे मुख्यमंत्री. त्यांच्या डोक्यात हे सगळं म्हणजे बेशिस्त, कायदा आणि सुव्यवस्थेचा विषय, बस. नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर ते आणि मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील बोलायला उभे राहिले, सभा उधळली, दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार. जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली आणि परत गोळ्या, आणि १७ जानेवारीला आमच्या बेळगावात पण. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं, ते कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला, त्यामुळं त्या दिवशीचं सरकार मोरारजींचंच होतं हे आमच्यातल्या पण पुष्कळ तरुणांना माहीत नसतं. दरवर्षी १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा चौकात जातो. घरातला कर्ता माणूस गोळीनं गेला त्या घराला तुम्ही सुव्यवस्था काय सांगणार? दारू न पिणारा, पैसा न खाणारा मुख्यमंत्री असून पण एवढी माणसं मेली आणि त्यांच्यात फरक पडला नाही, हे मला आजही सहन होत नाही. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, आणि दोन वर्षांत तीच खुर्ची मोरारजींना मिळाली, हे तर आमच्या म्हाताऱ्यांना फारच लागलं होतं.

आणि असं नाही की फक्त मराठी माणसाशीच असं वागले. ऑगस्ट १९५६ ला वेगळ्या गुजरातची मागणी पेटली तेव्हा ते अहमदाबादला जाऊन उपोषणाला बसले आणि त्यांच्याच गुजराती लोकांनी जनता कर्फ्यू पाळून रस्ते ओस ठेवले. स्वतःच्या भाषेच्या लोकांचं पण ऐकलं नाही, याला पक्षपात म्हणता येत नाही, पण यानं आमचं दुःख काही कमी होत नाही.

दिल्लीत पक्षाला असा माणूस सोयीचा होता. काटेकोर, कामाला वाघ, बजेट म्हणाल तर एकूण दहा मांडली. १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. लोकांनी सोन्याचा सोस सोडावा ही त्यामागची इच्छा, परत तेच, सुधारणा वरून लादायची. बेळगावात शहापुरातल्या सोनारांपासून मुंबईपर्यंत हातावर पोट असलेल्या कारागिरांची कामं बसली. त्याच वर्षी कामराज योजनेत, म्हणजे बड्या नेत्यांनी पदं सोडून पक्षाचं काम करायचं या योजनेत, त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. नेहरू गेल्यावर शास्त्रीजी, शास्त्रीजी गेल्यावर १९६६ ला मतदान झालं तर इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजींना १६९. राज्याराज्यांतले बडे नेते इंदिराजींच्या मागं उभे राहिले, हा माणूस आपलं ऐकणार नाही ही भीती त्यांना होती म्हणून. १९६७ ला उपपंतप्रधान केलं, १९६९ ला अर्थखातं काढून घेतलं आणि त्याच आठवड्यात १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण. मोरारजी बाहेर पडले, पक्ष फुटला, ते आपल्या कर्नाटकातल्या निजलिंगप्पांच्या संघटना काँग्रेसमध्ये, म्हणजे इंदिराजींच्या विरोधातल्या गटात.

म्हणजे तुमच्या प्रश्नापुरतं, असा नेता मुख्यमंत्री होतो, अर्थमंत्री होतो, उपपंतप्रधान पण होतो, पक्ष त्याच्याकडून काम करून घेतो. सगळ्यात वरच्या खुर्चीला मात्र दहा जणांची मनं सांभाळायला लागतात. आणीबाणीत १९ महिने कैदेत काढल्यावर मार्च १९७७ ला ते पंतप्रधान झाले, वय ८१. आणीबाणीसारखं परत सहजासहजी करता येऊ नये म्हणून ४४ वी घटनादुरुस्ती त्यांच्याच काळात झाली आणि त्यासाठी मी त्यांना मनापासून मानतो. देशभर दारूबंदी करायचा आग्रह तिथंही सुटला नाही. १९७९ च्या जुलैमध्ये भांडणांनी सरकार गेलं. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं या सीमाप्रश्नाला ते पंतप्रधान असताना कुणी हात लावला नाही, त्यावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल होता तिथंच राहिला, आणि २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला.