फ्लॅटचं नंतर, आधी ताईला फोन

'मावशी, आई जाऊन सात महिने झाले. ताई पुण्यात, दादा मेलबर्नला, मी न्यू जर्सीत. अंत्यदर्शन मी व्हिडिओ कॉलवर घेतलं. आता आमच्या ग्रुपवर फक्त फ्लॅटचे कागद फिरतात. ताई दोन शब्दांत उत्तर देते. आम्ही परके झालो का?'

परके नाही झालात रे. असं लांबून घेतलेलं दर्शन किती बोचतं, मला ठाऊक आहे. माझी आई गेली तेव्हा मी टोरोंटोत होते. घरी पोचले तो तिसरा दिवस. पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकली. चार वर्षं आईचं पथ्यपाणी, डायपर, रात्रीची जागरणं ताईनं केली असं तूच लिहितोस, आणि पुढच्याच ओळीत 'तिला निदान आईची सोबत तरी मिळाली' असंही. म्हणून तिचं दुःख कमी झालं? तिचा तर अख्खा दिवसच रिकामा झालाय.

आणि तुम्ही भावंडं आजवर एकमेकांशी बोलत होतात कधी? दादाचा गुडघा दुखतो हे तुला आईकडून कळायचं, तुझ्या लेकीची परीक्षा ताईला आईकडून. आपल्यासारख्या बहुतेक घरांत हेच. सगळे फोन आईला. ती गेली की मधली तार तुटते, आणि आपल्याला वाटतं माया आटली.

आमचंही तेच झालं. साताऱ्याचा भाऊ आणि मी चार महिने फक्त दाखल्यांबद्दल बोललो. मग एकदा त्यानं विचारलं, 'आईच्या मेतकुटात गहू किती गं?' मला डाळींचं माप आठवत होतं, गव्हाचं नाही. मेथ्या ती तळहातावर मोजून घ्यायची, हे त्याला आठवत होतं. दीड तास बोललो. मध्येच तो रडला. बारा दिवसांत रडला नव्हता. आल्यागेल्याचं चहापाणी बघत होता.

म्हणून सांगते, ग्रुपवर लिहू नकोस, फोन लाव. पुण्यात रविवारी सकाळी सात म्हणजे ऋतूप्रमाणे तुझ्याकडे शनिवारी रात्री साडेआठ किंवा साडेनऊ, दादाकडे रविवारी साडेअकरा किंवा साडेबारा. दर आठवड्याला, तिघांनी. कामाचं निमित्त लागत नाही.

फ्लॅटचं थोडक्यात सांगते. बाबा आधीच गेलेत. आईचं मृत्युपत्र नसेल तर तिघांचा वाटा सारखा. सोसायटीत नॉमिनी म्हणून ताईचं नाव आहे, एवढ्यानं ती एकटी मालक होत नाही, आणि तिनं तसं म्हटलेलंही नाही. बाकी वकिलाला विचार. वर्षश्राद्ध कुठे? तिघं जमाल तिथे, शक्यतो पुण्यातच.

पहिल्या फोनवर मात्र कागदांचं नाव काढू नकोस. शेवटच्या महिन्यात आई रात्री जागी असायची तेव्हा काय बोलायची, ते ताईला विचार. सात महिन्यांत तुम्हां दोघा भावांपैकी कुणी तिला हे विचारलेलं दिसत नाही.