रोपवाटिका नवी असली तरी संशोधनाला हातभार लावच

तू विचारलंस, धंदा नुकता सुरू झालाय, मग कृषी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी आत्ताच पैसे कशाला द्यायचे? माझं मत स्पष्ट आहे, आत्ताच दे.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजना घाट इथून संत्र्याची कलमं दूरवर जातात, आणि त्यांच्याबरोबर डिंक्या हा झाडाचा रोगही जाऊ शकतो. तो रोग करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीत असतो. रोप विकताना हिरवंगार दिसतं, बागेत काही वर्षांनी खोडातून डिंक गळू लागतो. शेतकऱ्याची तोवरची मेहनत पाण्यात! यावरचे उपाय संशोधनातूनच आले: जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा डिंक्याला जास्त तोंड देणारा रंगपूर लिंबाचा खुंट (ज्यावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात ते रोप), निर्जंतुक माती, जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला डोळा. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेचं काम आपल्या रोज उपयोगी पडतं. मग त्याचा भार आपणही थोडा उचलायला नको?

एकट्याची रक्कम तुटपुंजी वाटेल. म्हणून चार-पाच रोपवाटिकावाल्यांनी मिळून कृषी महाविद्यालयात ठेव ठेवा, व्याजातून उद्यानविद्येच्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी मदत होऊ दे. अटी आधीच लेखी ठरवा, पावती घ्या. निवड मात्र महाविद्यालयावर सोडा, आपल्या भाच्या-पुतण्याचं नाव पुढे करू नका.

पैसे नसतील तर पॉलिहाऊसमधला एक वाफा आणि दोनेकशे खुंट प्रयोगाला दे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याचं मोल फार असतं. किती रोपं मेली तेही त्याला खरं सांग, लपवू नकोस. रावेची, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी येणारी कृषी महाविद्यालयाची मुलं गावात आली की त्यांना डोळा बांधायला बसव, नुसतं फोटोपुरतं उभं करू नकोस.